मैदान आहे, दर वर्षी

इंदापूर, ता. १४ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप दादा यांसी रामहरीचा नमस्कार.

आठ वर्षांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा खुशाली विचारण्यात चार ओळी घालवणं मला शोभणार नाही. तुम्हाला बारामतीच्या कचेरीतून नोटीस आली असेल. आपली ओढ्याकडची साडेतीन एकरांची पट्टी लोणी भापकरचं सार्वजनिक मैदान म्हणून सरकार ताब्यात घेणार, असं तिच्यात लिहिलं आहे. ही नोटीस कशी निघाली ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून हा कागद.

मुंबईत नवं मंत्रिमंडळ आल्यापासून लोकांच्या व्यायामाचा, खेळांचा आणि करमणुकीचा विचार सरकारात चालू झाला आहे. साऱ्या इलाख्याची योजना आखायची, तर आधी कुठं काय आहे ते कळायला हवं. म्हणून दिवाळीनंतर गावोगावच्या पाटलांना छापील तक्ते गेले. तालीम आहे काय, लेझमीचा संच आहे काय, आट्यापाट्या, हुतूतू कोणते दिवस खेळतात, भजनी मंडळ आहे काय. पाचव्या रकान्यात, मैदान आहे काय; त्यापुढच्या दोन रकान्यांत क्षेत्र किती, मालकी कोणाची. जिथं मैदान आधीच आहे तिथं सरकार लगेच कुंपण घालून पोरांसाठी ते कायमचं राखून ठेवणार. जिथं नाही त्यांचा नंबर मागून. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांचे तक्ते एका मोठ्या कागदावर उतरवून पुण्याला धाडायचं काम माझ्याकडे आलं. मास्तर बरेच आहेत, पण अक्षर माझं चांगलं आहे.

आता गंमत ऐका. तक्ते ज्याने छापले तो माणूस शहरातला. त्याच्या लेखी मैदान म्हणजे मोकळी जागा, चेंडू खेळायची. आपल्याकडे मैदान भरतं, आपल्याकडे मैदान मारतात. कुस्त्या नसतील तर कसलं मैदान? त्यामुळे झाडून साऱ्या पाटलांनी 'आहे' असं ठोकून दिलं. मी पळसदेवला गेलो आणि तिथल्या सोनबा पाटलांना म्हटलं, चला, दाखवा मैदान. म्हातारा म्हणाला, "हाय की मैदान. पर आत्ता न्हाय. म्हाशिवरात्रीला या, नदीच्या वाळूत दावतो." हसून हसून माझी पुरेवाट झाली. मी तिथल्या तिथं 'आहे'वर काट मारली. अशी एकोणचाळीस गावांची मैदानं मी खोडली.

आपल्या गावचं तेवढं राहून गेलं. चूक झाली हे मी नाकारत नाही, पण एवढ्या कागदांत एखादा नजरेतून सुटतो. हरकत घ्यायला मुदत आहे. सोबत अर्जाचा मसुदा जोडला आहे, खाली सही करून कचेरीत द्यावा म्हणजे प्रकरण मिटेल.

जाता जाता सांगतो, गावाला मैदान होणं ही वाईट गोष्ट नाही. माझ्या शाळेची पोरं रस्त्यावर कवायत करतात आणि गाडी आली की भिंतीला चिकटून उभी राहतात. योजना चांगली आहे. फक्त रान चुकलं आहे.

आपला
रामहरी


इंदापूर, ता. २६ फेब्रुवारी १९३८

दादा,

तुझं कार्ड पोचलं. अहोजाहो करायचं मी विसरलो, ते तसंच राहू दे. ते मला कधी जमलंच नव्हतं.

आठ वर्षांनी तू मला तीन ओळी लिहिल्यास, आणि बोलतोस तशाच लिहिल्यास. "तुजा अर्ज वाचला. आमच्या रानात मैदान न्हाय आसं त्यात लिवलंय. हाय. खोट्यावर मी सही करणार न्हाय. पळसदेवचं मैदान तुला कळलं, मग आपलं कसं न्हाय कळलं?"

कार्ड तीन वेळा वाचलं आणि तिसऱ्या वेळी इतका राग आला की वर्गात एका पोराला विनाकारण बाकावर उभं केलं. अरे, जमीन जाते आहे. त्या पट्टीतला शाळू गेला तर घरात वर्षाची भाकरी कुठून येणार? बाकीचं रान सगळं मुरमाड, तिथं कुसळ उगवत नाही. आणि तू एका शब्दाला धरून बसला आहेस. अर्जातलं मैदान सरकारचं, तुझं नव्हे. त्यांच्या अर्थाने नाहीच आहे ना मैदान? मग 'नाही' म्हणायला काय जातं?

पण तू तसाच. तुझ्या शब्दापुढे कुणाचं काही चालायचं नाही. तोच तर आपल्या दोघांतला वाद आहे.

आणि तू पळसदेवचं विचारलंस म्हणून सांगतो. आठ वर्षं मी गावात पाऊल टाकलेलं नाही. गावाने मध्यंतरी खरंच कुठं मोकळी जागा राखली असेल, असं मला वाटलं असेल. माणसाला वाटू शकतं.

आता विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. त्या वर्षीचं मैदान मी विसरलेलो नाही. सर्जेराव आणि मी, शेवटची जोड, चांदीच्या कड्याची. दिवस मावळतीला लागलेला, लोक उठून आखाड्यात घुसलेले. त्याने मला खाली घेतलं आणि मी कुशीवर वळलो, दोन्ही खांदे काही टेकले नाहीत. हजार माणूस होतं, एकालाही धड दिसलं नाही. दिसलं ते तुला एकट्याला, कारण पंच तू होतास. तू वाकलास, बघितलंस आणि सर्जेरावाचा हात वर केलास. सख्खा भाऊ. बाप गेल्यावर ज्याने मला हाताला धरून तालमीत नेलं तो.

मी तेव्हा जे म्हणालो ते साऱ्या गावासमोर म्हणालो, आणि नंतर बारामतीच्या बाजारातही म्हणालो. जयवंताने, माझ्याच भावाने, निकाल विकला. आज ते मागे घ्यायचं कारण मला दिसत नाही.

मुदत संपायला थोडे दिवस उरले आहेत. हट्ट सोड आणि सही कर.

रामहरी


इंदापूर, ता. १३ मार्च १९३८

दादा,

काल वहिनी येऊन गेली. तुला न सांगता आली होती, म्हणून आधी हे लिहितो की तिच्यावर रागावू नकोस. बारामतीहून मोटारीने आली, डोक्यावर पिठाचं गाठोडं. म्हणाली, नव्या शाळूचं हाय. पट्टीतल्या. मी ते हातात घेतलं आणि कुठं ठेवावं ते मला सुचेना.

तुझी मुदत टळली हे तिच्याकडूनच कळलं. मोजणीवाले आले, रानाच्या चारी कडांना आणि मध्ये खुंट्या ठोकून त्यांना चुना फासून गेले, हेही तिनेच सांगितलं. "एक खुंटी बरुबर आखाड्याच्या जागंवर हाय, भावजी. मी म्हनलं उपटून टाका. तर म्हनत्यात, सरकारी हाय, तिला हात लावायचा न्हाय. खुंट्यांच्या कडंकडंनं कडब्याची गाडी काढत्यात. बैलबी बिचारी भांबावली."

मी चहा केला. घरची माहेरी गेली आहे, तेव्हा मीच केला. वहिनीने बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"येक इचारते," ती म्हणाली. "तुमी मुद्दाम केलं का ह्ये?"

मी म्हटलं, वहिनी, कागद इतके होते की.

"कागदाचं न्हाय इचारत. न्हाय म्हना नुसतं. खोटं आसंल तरी न्हाय म्हना. मला घरी जाऊन झोप तरी लागंल."

दादा, मला 'नाही' म्हणता आलं नाही. सोपा शब्द आहे. तुला मागच्याच पत्रात मी शिकवत होतो की 'नाही' म्हणायला काय जातं.

तिने बशी बाजूला सरकवली. मग पदर सारखा करून उठली. दारात उभी राहून तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, खरंच ठाऊक नव्हतं. "तुमी गेल्यापासनं ह्येंला येकाबी गावानं पंच म्हनून बलावलं न्हाय. मोरगाव न्हाय, सुपं न्हाय, कुनी न्हाय. आपल्याच रानात मैदान भरतंय, ह्ये सकाळी माती उकरून देत्यात, ताक-हळद शिपडत्यात, आन लोक याया लागलं की घरात जाऊन बसत्यात. आठ वर्सं झाली. हलगी वाजाया लागली की दार लावून घेत्यात."

मला वाटत होतं, मी गाव सोडलं म्हणजे शिक्षा मला झाली.

कचेरीने सगळ्या नोटीसवाल्यांना ४ एप्रिलला तोंडी जबाबासाठी बोलावलं आहे. तू जा. एवढं तरी कर.

रामहरी


इंदापूर, ता. ३० मार्च १९३८

दादा,

दोनदा पत्र लिहून फाडलं. हे तिसरं, आणि हे मी वाचून न बघता पाकिटात घालणार आहे.

आपल्या गावचा तक्ता हिंदुराव पाटलांनी भरला होता. पाटील चोख माणूस. पाचव्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'मैदान आहे, दर वर्षी.' बाकीच्या पाटलांनी नुसतं 'आहे' लिहिलं, त्यांच्याकडे मला जाऊन विचारावं लागलं. आपल्या पाटलांनी विचारायची वेळच आणली नाही. 'दर वर्षी' वाचलं की आंधळ्यालाही कळेल, ही जागा नव्हे, कुस्त्या.

मी वाचलं. मला कळलं. मी 'आहे' उतरवलं आणि थांबलो. टाक दौतीत बुडवला. टिपकागद लावला. मग खालच्या ओळीतल्या गावाकडे वळलो.

दोन शब्द गाळले, एवढंच असतं तरी तुझं रान वाचलं असतं, कारण क्षेत्र आणि मालकीचे रकाने पाटलांनी कोरे सोडले होते. ते मी मोठ्या कागदावर भरले. तीन एकर वीस गुंठे, ओढ्याकडची पट्टी. कुणाला विचारायची गरज नव्हती, ती पट्टी मी तुझ्यामागे नांगरली आहे. मालकीपुढे मी लिहिलं, सार्वजनिक. त्या ओळीचं अक्षर बाकीच्या साऱ्या तक्त्याहून चांगलं आलं आहे. आजच कपाटातली नक्कल काढून पुन्हा बघितलं.

मला जमीन नको होती. तुमची भाकरी तुटावी असंही मनात नव्हतं, निदान तेव्हा ते मनात आलं नाही, आणि हेच वाईट आहे. मला एवढंच हवं होतं की तुझ्याबद्दल कुणीतरी एकदा निकाल द्यावा आणि तू काहीही म्हणालास तरी कुणी ऐकू नये. मग तुला कळेल कसं वाटतं ते.

आता पुढचं. मलाही चौथ्या तारखेला बोलावलं आहे, मूळ तक्ते घेऊन. वर आमच्या शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांचं परिपत्रक आलं आहे. या योजनेच्या माहितीत जो जाणूनबुजून खोटं घालील त्याला नोकरीतून कमी करण्यात येईल. ते मीच शाळेत वाचून दाखवलं आणि खाली सह्या घेतल्या. पहिली सही माझी आहे.

नोकरी गेली तर मला दुसरं काही येत नाही. नांगर विसरलो, तालीम सुटली, हाताला राहिलं ते अक्षर. आणि अक्षराला तरी दुसरीकडे कोण विचारतो? मी चौथ्या तारखेला खरं बोलेन असं इथं लिहून टाकावं असं फार वाटतं. हात धजत नाही. लिहिलं आणि तिथं वाचा बसली तर तेही एक खोटंच होईल.

तू तरी 'नाही' म्हण, दादा. मामलेदार विचारतील, मैदान आहे का? नाही म्हण. तुझं रान वाचेल आणि मलाही तोंड उघडावं लागणार नाही. हे मी कुणासाठी मागतो आहे ते तुझ्या लक्षात येईलच.

रामहरी


इंदापूर, ता. ५ एप्रिल १९३८

दादा,

काल तू तिथं होतास, तरी सगळं लिहितो. तू मान खाली घालून उभा होतास आणि मी तुझ्याकडे बघत होतो. तुझे केस पिकले आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामलेदारांनी तुझं नाव पुकारलं. तू चपला बाहेर काढून आत आलास. त्यांनी नोटीस वाचली आणि सरळ विचारलं, "तुमच्या या जमिनीत मैदान आहे की नाही? एका शब्दात सांगा."

मी तक्त्यांचं बाड छातीशी धरून उभा होतो. मनात म्हणत होतो, नाही म्हण, एकदा नाही म्हण.

"हाय, सायेब," तू म्हणालास.

कारकुनाने टाक उचलला. त्या एका शब्दाने रान गेलंच होतं. पण तू तसाच उभा राहिलास आणि म्हणालास, "हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिशी. सकाळी माती उकरतो, दुपारच्याला कुस्त्या लागत्यात, दिवस बुडाला की संपलं. त्येच्या दुसऱ्या दिशी नांगर घालतो. वर्साचं बाकीचं दीस शाळूच हाय. आता ह्येला तुमी काय म्हनायचं ते म्हना."

मामलेदार आधी तुझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. "म्हणजे कुस्त्यांचं मैदान," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडून मूळ तक्ता मागून घेतला. बोट ठेवून वाचला. मग पुण्याला गेलेल्या कागदाची नक्कल वाचली. हसू गेलं.

"इथं 'दर वर्षी' असं स्पष्ट लिहिलं आहे. हे दोन शब्द वाटेत कुठं सांडले, गुरुजी? आणि हे 'सार्वजनिक' कोणी घातलं? तुम्ही याच गावचे ना? मैदान कशाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी तोंड उघडलं होतं. एवढं मी शपथेवर सांगू शकतो. पण त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मला माहीत नाही, कारण तू माझ्याआधी बोललास.

"त्येला न्हाय ठावं, सायेब. ल्हानपणीच शिकाया भाईर गेला. लोकं जमत्यात म्हंजी समद्यांचं रान आसंल आसं वाटलं आसंल त्येला. कुस्ती त्येनं कदी बघितली न्हाय."

कारकून खुदकन हसला. मामलेदारांनी लिहून घेतलं, अनवधानाने झालेली चूक, जमीन योजनेतून वगळावी. मला म्हणाले, मास्तर, जरा मातीत उतरा, पुस्तकं पुरे झाली. मी होय म्हणालो. एवढंच बोललो काल मी कचेरीत. होय.

दादा, तू खोटं बोललास. माझ्या अर्जावर सही न करणारा तू, स्वतःचं रान जात असताना 'हाय' म्हणणारा तू, माझ्यासाठी त्या खोलीत उभा राहून खोटं बोललास. आठ वर्षांपूर्वी मला तुझ्याकडून नेमकं हेच हवं होतं. काल ते मिळालं आणि मला ते घशाखाली उतरेना.

बाहेर आल्यावर मी हाक मारली. तू चपला घालत होतास. म्हणालास, "खुंट्या उपटायच्या हायती, मोटार चुकंल," आणि गेलास. माझ्या तिसऱ्या पत्राबद्दल, चौथ्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस.

आज सकाळी मी मामलेदारांना पत्र टाकलं. दोन शब्द मी वाचले होते आणि मुद्दाम गाळले, 'सार्वजनिक' हे माझ्या पदरचं आहे, माझ्या भावाने मला वाचवण्यासाठी सांगितलेलं ग्राह्य धरू नये. एक नक्कल डेप्युटीसाहेबांना. चांगल्या अक्षरात लिहिलं. पेटीत पडल्याचा आवाज ऐकला तेव्हाच निघालो. पुढं काय होईल ते होईल. तुझं रान मात्र आता जात नाही, तेवढं मी आधी इथल्या कचेरीत विचारून घेतलं.

आता एकच राहिलं.

त्या दिवशी आखाड्याची माती तू सकाळीच उकरली होतीस. ताक घातलेलं होतं, ती आत ओली होती. सर्जेरावाने मला खाली घेतलं तेव्हा मी कुशीवर होतो हे खरं. पण मग त्याने गुडघा रेटला. मला ती माती गार लागली, आधी डाव्या खांद्याला, मग उजव्या. तू वाकायच्या आधी मला कळलं होतं. तुझा चेहरा माझ्या तोंडावर आला, तू माझ्या डोळ्यांत बघितलंस, आणि मला वाटलं, आता हा माझा भाऊ होईल की पंच? तू हात वर केलास. मी उठलो आणि ओरडलो. पहिल्यांदा ओरडताना मला ठाऊक होतं मी खोटं बोलतो आहे. पुढं बारामतीच्या बाजारात शंभर वेळा सांगून सांगून माझं मलाच खरं वाटायला लागलं.

पंधरा तारखेला मैदान आहे. मी आदल्या दिवशी येतो. माती उकरायला मला फावडं दे, तेवढं अजून येत असेल. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला की पहिली जोड लागायच्या आत हलगी थांबवायला सांग. मला सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलायची आहे आणि तू त्या वेळी घरात दार लावून बसायचं नाही. आखाड्यात उभं राहायचं, पंच उभा राहतो तिथं.

दोन्ही खांदे टेकले होते, दादा. निकाल बरोबर होता.

तुझा
रामहरी